संगणकातील शेतनोंदवही : पहिला पडदा आपल्या सोयीचा करा

(सावेडी, अहिल्यानगर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या हा माझा रोजचा विषय. आज मात्र मी संगणकावर बोलणार आहे, आणि तेही त्यातील एका लहानशा गोष्टीवर. आपण शेतीच्या नोंदी ज्या फाईलमध्ये ठेवतो, ती फाईल उघडल्याबरोबर समोर काय यावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

सावेडीत हा विषय घेण्याला कारण आहे. सावेडी एके काळी शहराबाहेरचे गाव होते. आज ते शहराचाच भाग झाले आहे. आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या शिक्षणासाठी येथे घर केले आहे. शेत मात्र राहुरी, पारनेर, नेवासे, पाथर्डी अशा तालुक्यांत आहे. म्हणजे फवारणी होते तिकडे आणि तिची नोंद होते इकडे. शेतावरून वडील फोनवर सांगतात, इथे मुलगा किंवा सूनबाई टंकलिखित करतात. नोंद सांगणारा एक, लिहिणारा दुसरा आणि गरज पडल्यावर पाहणारा तिसरा. अशा वेळी फाईल सर्वांना समजेल अशी उघडली पाहिजे.

नोंदी कशासाठी?

पूर्वी नोंदवही ही हौशी शेतकऱ्याची गोष्ट मानली जाई. आता तसे राहिलेले नाही. २००६ साली अपेडाने द्राक्ष निर्यातीसाठी 'ग्रेपनेट' ही संगणक प्रणाली सुरू केली. तिच्यामुळे युरोपला जाणाऱ्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येऊ लागला. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला आपण सीसीसी म्हणतो, त्या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि महाराष्ट्रातील द्राक्षे परदेशात अडकली. बागायतदारांना त्याचा मोठा फटका बसला. तेव्हापासून कोणते औषध, किती प्रमाणात आणि कोणत्या तारखेला मारले, हा प्रश्न खरेदीदार हमखास विचारतो. डाळिंब, भाजीपाला यांनाही तो लागू आहे.

या नोंदी संगणकात ठेवण्यासाठी काही जण एक्सेल वापरतात. नोंदी वाढल्या, प्लॉट वाढले, की डेटाबेस अधिक सोयीचा पडतो. मायक्रोसॉफ्टचा 'ॲक्सेस' हा त्यातील जुना प्रोग्रॅम. त्याची पहिली आवृत्ती १९९२ साली आली. 'लिब्रेऑफिस बेस' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. दोन्हींत प्लॉट, फवारणी, खत, मजुरी असे वेगवेगळे तक्ते करून ते एकमेकांना जोडता येतात.

अडचण येते ती फाईल उघडल्यावर. ॲक्सेसची फाईल आहे तशी उघडली, तर डाव्या बाजूला तक्ते, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट यांची यादी दिसते आणि वर बटणांची रांग. एका बागायतदाराचे वडील मला म्हणाले होते, "सर, हे उघडलं की कुठं बोट लावावं तेच कळत नाही." त्यांचे बरोबर होते. घरी पाहुणा आला तर आपण त्याला ओसरीवर बसवतो, धान्याच्या कोठीत नेत नाही. संगणकाची फाईल मात्र माणसाला थेट कोठीत नेऊन उभी करते. तेथे एखाद्या रकान्यात चुकून कळ दाबली गेली, तर जुनी नोंद बदलते, आणि दुसऱ्या ओळीवर जाताच ती तशीच साठवलीही जाते.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका डाळिंब बागायतदाराला मी अशी फाईल करून दिली. मुलगा शिक्षणासाठी सावेडीत राहत होता, नोंदी तो करी. प्रतीक्षा काळ संपलेला नाही अशा प्लॉटांची यादी काढणारी एक क्वेरीही मी त्यात केली होती. यादीत प्लॉट असेल तर तोडणी थांबवायची, यादी रिकामी असेल तर तोडायला हरकत नाही, असे मी सांगून ठेवले.

आंबे बहाराची फळे तयार होत आली होती. ६ ऑगस्टला एक फवारणी झाली. त्या औषधासाठी २० दिवसांचा प्रतीक्षा काळ धरलेला होता. वडिलांनी फोनवर सांगितले, "सहा आठला फवारलंय." मुलाने ६/८ अशी तारीख भरली. १८ ऑगस्टला व्यापारी बांधावर आला. वडिलांनी सावेडीला फोन केला, मुलाने यादी काढली. यादी रिकामी होती. क्रेट बाहेर निघाले. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "अहो, मागच्या आठवड्यात तर पंप चालला होता ना?" आणि मोटारीच्या खोलीत टांगलेली कागदी वही घेऊन आली. वहीत ६ ऑगस्ट स्पष्ट लिहिलेले होते. तोडणी २६ तारखेपर्यंत थांबवावी लागली. व्यापारी दुसऱ्या बागेकडे गेला.

चूक कोठे झाली? त्या संगणकात तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. संगणकाने ६/८ म्हणजे ८ जून धरला. ८ जूनपासून २० दिवस केव्हाच उलटून गेले होते, म्हणून प्लॉट यादीत आला नाही. पडद्यावर मात्र तारीख ६/८ अशीच दिसत होती, त्यामुळे मुलाला शंका येण्याचे कारण नव्हते. आधीची एक फवारणी २५/७ ची होती. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख संगणकाने आपोआप बरोबर घेतली होती. एकाच तक्त्यात काही तारखा बरोबर आणि काही चुकीच्या, अशी मिसळ झाली होती.

मुलाचा यात काही दोष नव्हता. तारखेची मांडणी मी तपासली नव्हती. त्याहून मोठी चूक म्हणजे, रिकाम्या यादीवर विश्वास ठेवायला मीच सांगितले होते. रिकामी यादी सर्व ठीक असल्यामुळे येते, तशी नोंद चुकल्यामुळेही येते. फाईल उघडल्याबरोबर प्रत्येक प्लॉटसमोर शेवटच्या फवारणीची तारीख अक्षरी महिन्यासह दिसली असती, तर मुलाने फोनवर "शेवटची फवारणी २५ जुलै" असे वाचून दाखवले असते. त्यावर वडील लगेच म्हणाले असते, "अरे, त्यानंतर एक झाली आहे." त्या दिवसापासून मी पहिल्या पडद्याकडे लक्ष देऊ लागलो.

वारणेचा धडा

पहिल्या पडद्यावर काय ठेवावे, याचा विचार करताना मला वारणेचे उदाहरण उपयोगी पडले. १९९८ साली वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेजेस' हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. पीक सल्ला, बाजारभाव अशा अनेक गोष्टी त्यावर मिळाव्यात, असा विचार होता. प्रत्यक्षात शेतकरी मुख्यतः साखर कारखान्याशी संबंधित मोजक्याच गोष्टी विचारण्यास येत : माझ्या उसाचे वजन किती झाले, खताची उचल किती झाली, अशा.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी त्यातील ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. संगणकाचे काम त्यांनी मोबाईलच्या लघुसंदेशावर आणले. संदेश पाठवायचा आणि उत्तर मिळवायचे. २००७ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की संगणकाची सर्व कामे या पद्धतीने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक पसंत पडली.

यातून घेण्यासारखा धडा साधा आहे. वापरणाऱ्याला प्रोग्रॅमची सारी ताकद नको असते, त्याला आपल्या दोन-चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात. म्हणून पहिला पडदा करण्याआधी कागद घ्यावा. घरातील माणसे नोंदवहीला कोणते प्रश्न वारंवार विचारतात, ते लिहून काढावे. पाच-सहाच्या वर प्रश्न निघत नाहीत. तेच पडद्यावर ठेवावेत.

पहिल्या पडद्यावर काय असावे?

माझ्या अनुभवाने फळबागायतदारासाठी पुढील मांडणी पुरेशी आहे :

१. सर्वांत वर आजची तारीख, महिन्याचे नाव अक्षरी.

२. त्याखाली प्लॉटांची छोटी सारणी. प्रत्येक प्लॉटसमोर शेवटच्या फवारणीची तारीख आणि 'तोडणी या तारखेपासून' असा रकाना. सर्व प्लॉट दाखवावेत, केवळ थांबवलेले नव्हेत.

३. 'फवारणीची नोंद' हे बटण.

४. 'खत व पाणी नोंद' हे बटण.

५. 'मजुरी व खर्च' हे बटण.

६. 'छापील अहवाल' हे बटण.

७. 'बाहेर पडा' हे बटण.

बटणांवरील शब्द घरात बोलले जातात तेच असावेत. प्लॉटला घरी 'विहिरीजवळचा' म्हणत असतील तर पडद्यावरही 'विहिरीजवळचा' असेच लिहावे, शेजारी गट क्रमांक द्यावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. १९९० च्या दशकातील जुन्या फॉन्टमध्ये भरलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला तर निरर्थक अक्षरे दिसतात.

ॲक्सेसमध्ये करावयाची कृती

प्रथम विंडोजच्या 'रीजन' या ठिकाणी जाऊन तारखेची मांडणी भारतीय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष अशी करावी. जुन्या नोंदी असल्यास त्या कागदी वहीशी ताडून पाहाव्यात. मांडणी बदलल्याने आधी चुकीची साठवलेली तारीख दुरुस्त होत नाही.

दुसरी पायरी, सारणीसाठी क्वेरी. फवारणीच्या तक्त्यावर 'टोटल्स' प्रकारची क्वेरी करावी. प्लॉट हा रकाना 'ग्रुप बाय' ठेवावा. फवारणीच्या तारखेखाली 'मॅक्स' निवडावे, म्हणजे शेवटची तारीख मिळते. तिसऱ्या रकान्यात फवारणीची तारीख अधिक प्रतीक्षा काळाचे दिवस अशी बेरीज लिहून तिलाही 'मॅक्स' लावावे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तोडणीची तारीख केवळ शेवटच्या फवारणीवरून काढू नये. समजा १ तारखेला ३० दिवस प्रतीक्षेचे औषध मारले आणि १० तारखेला ७ दिवसांचे. शेवटच्या फवारणीवरून १७ तारीख येईल, परंतु पहिल्या औषधाचा काळ त्या वेळी संपलेला नसतो. दोन्ही बेरजांतील उशिराची तारीखच धरली पाहिजे. प्रतीक्षा काळ औषधाच्या लेबलवर व अधिकृत शिफारशीत दिलेला असेल तोच भरावा, ऐकीव माहितीवर भरू नये.

तिसरी पायरी, नोंदीचा फॉर्म. फवारणीच्या नोंदीसाठी फॉर्म करून त्याच्या गुणधर्मांत 'डेटा एंट्री' याला 'येस' आणि 'अलाऊ डिलिशन्स' याला 'नो' करावे. मग फॉर्म उघडला की कोरी नोंदच समोर येते, जुन्या नोंदींना धक्का लागत नाही. तारखेच्या चौकटीचा 'फॉरमॅट' हा गुणधर्म 'लाँग डेट' ठेवावा. ६/८ असे टंकलिखित करून पुढे गेल्याबरोबर महिन्याचे नाव दिसते आणि चूक असेल तर तेथेच कळते.

चौथी पायरी, मुख्य पडदा. कोणत्याही तक्त्याशी न जोडलेला कोरा फॉर्म घ्यावा. त्यात वरील क्वेरीचा लहान उपफॉर्म बसवावा व त्यातील तारखांनाही 'लाँग डेट' द्यावे. बटणे टाकताना मदतनीस विझार्ड आपोआप सुरू होतो. त्यात 'फॉर्म ऑपरेशन्स' मधील 'ओपन फॉर्म' निवडून हवा तो फॉर्म जोडावा. नवी नोंद करून परत आल्यावर सारणी आपोआप ताजी होत नाही. त्यासाठी नोंदीच्या फॉर्मवरील 'परत' या बटणाच्या मॅक्रोत फॉर्म बंद करण्याच्या क्रियेनंतर उपफॉर्मसाठी 'रीक्वेरी' ही क्रिया जोडावी.

पाचवी पायरी, हा फॉर्म सुरुवातीला उघडेल असे करणे. ॲक्सेस ९७ मध्ये यासाठी 'टूल्स' मेनूत 'स्टार्टअप' अशी स्वतंत्र चौकट होती. २००७ च्या आवृत्तीपासून ही सोय ऑप्शन्समध्ये गेली. 'फाईल', 'ऑप्शन्स', 'करंट डेटाबेस' या क्रमाने जावे. 'ॲप्लिकेशन टायटल' मध्ये आपल्या शेताचे नाव लिहावे. 'डिस्प्ले फॉर्म' मध्ये मुख्य पडद्याचा फॉर्म निवडावा. 'डिस्प्ले नेव्हिगेशन पेन' समोरची खूण काढावी, म्हणजे डावीकडील यादी दिसेनाशी होते. 'अलाऊ फुल मेनूज' ची खूण काढली की वरील बटणांची गर्दी कमी होते. फाईल बंद करून पुन्हा उघडल्यावर हे बदल लागू होतात.

'ऑटोएक्झेक' या नावाचा मॅक्रो केला, तर तोही फाईल उघडताना आपोआप चालतो. परंतु केवळ एक फॉर्म उघडायचा असेल तर 'डिस्प्ले फॉर्म' पुरेसा आहे. जे काम खुरप्याने होते त्याला नांगर जोडू नये.

किल्ली आपल्याजवळ ठेवा

यादी आणि मेनू झाकले म्हणजे आपण स्वतः आत कसे जावयाचे? फाईल उघडताना शिफ्ट कळ दाबून धरावी. सुरुवातीच्या या मांडण्या व ऑटोएक्झेक मॅक्रो बाजूला राहतात आणि फाईल मूळ रूपात उघडते. ही युक्ती घरातील किमान दोघांना माहीत असावी व कागदी वहीच्या मागील पानावर लिहून ठेवावी.

शिफ्टची ही वाटही बंद करता येते. एकदा उत्साहाच्या भरात मी ती बंद केली. पुढे एक नवीन रकाना वाढवायची वेळ आली तेव्हा मलाच माझ्या फाईलमध्ये शिरता येईना. शेवटी नवी कोरी फाईल घेऊन जुनीतील सर्व तक्ते व फॉर्म त्यात आयात करावे लागले. घरगुती वापरासाठी ही वाट बंद करू नये. मात्र हेही ध्यानात ठेवावे, की झाकणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. ज्याला शिफ्टची युक्ती माहीत आहे तो आत जाऊ शकतो. हिशेब खरोखर गुप्त ठेवायचे असतील तर फाईलला पासवर्ड द्यावा.

लिब्रेऑफिस बेस वापरणाऱ्यांसाठी

बेसमध्ये सुरुवातीचा फॉर्म निवडण्याची तयार चौकट नाही. तेथे फॉर्म उघडणारा चार-दोन ओळींचा मॅक्रो लिहून, 'टूल्स' मधील 'कस्टमाईझ' येथे 'इव्हेंट्स' या पानावर 'ओपन डॉक्युमेंट' या घटनेला जोडावा लागतो. मॅक्रो चालण्यास सुरक्षेच्या मांडणीत परवानगीही द्यावी लागते. महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम अवघड नाही. पडद्यावर काय असावे, हे मात्र शेत करणाऱ्यानेच त्यांना सांगावे.

शेवटची सूचना

तयार झालेला पडदा स्वतः तपासू नका. ज्याने तो पूर्वी पाहिलेला नाही अशा घरातील माणसाला खुर्चीवर बसवा आणि एकच प्रश्न विचारा : "विहिरीजवळच्या प्लॉटची तोडणी कधीपासून करता येईल?" तुम्ही काही न सांगता त्याने उत्तर दिले, तर पडदा जमला. त्याला विचारावे लागले, तर काहीतरी कमी किंवा जास्त आहे.

दर आठवड्याला फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर काढून दुसऱ्या घरात ठेवावी. आणि शेतावरील कागदी वही बंद करू नये. पंपाजवळ औषधाच्या हाताने लिहिलेली नोंद हीच पहिली नोंद. संगणक तिची बेरीज-वजाबाकी करतो, ती शोधून देतो, छापून देतो. त्या दिवशी डाळिंबाची तोडणी थांबवली ती दोरीला टांगलेल्या वहीने आणि आठवण ठेवणाऱ्या माउलीने. तिची आठवण आणि संगणकाचा हिशेब एकाच पडद्यावर ताडून पाहता आला पाहिजे. तेवढ्यासाठीच हा पहिला पडदा नीट बांधायचा आहे.